नातीपेक्षा एक मैल जास्त

नातीची गाडी लहानशी, लाल, आणि मागचं एक दार वेगळ्याच लाल रंगाचं. म्हणून स्वस्तात मिळाली. तिचा इन्शुरन्स मात्र गाडीच्या तिप्पट निघाला. मी मुलाला म्हटलं, "त्या पैशांत अजून तीन गाड्या घे. एक आपटली की दुसरी काढायची." तो हसला नाही.

नात अठराची होती आणि लायसन्स नवंकोरं, आणि इथे विलायतेत इन्शुरन्सचे पैसे चालवणाऱ्यावर ठरतात. आम्ही राहतो त्या स्लाऊच्या बाहेर एका गावात म्हाताऱ्यांचं केअर होम आहे, तिथे तिला नोकरी लागली होती. ड्यूटी सकाळी सहाला, तिकडे जाणारी पहिली बस सातनंतर. गाडी असेल तरच सोमवारी ये, असं त्यांनी सांगितलं होतं. कॉलेजात तिचं काही जमलं नव्हतं. ही नोकरी तिने स्वतः मिळवली होती.

मुलाने तोडगा काढला. गाडी आजीच्या, म्हणजे माझ्या नावावर करायची, नात नुसती दुसरी ड्रायव्हर. आमच्यात घर, फोन, गॅस सगळं मोठ्यांच्या नावावर असतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझ्याकडे लायसन्स होतं. बिस्किटांच्या फॅक्टरीत असताना चार बायकांना गाडीत घालून पहाटेच्या शिफ्टला मीच न्यायचे. पुढे फॅक्टरी सुटली, नवरा गेला, गाडी विकली. त्यानंतर कित्येक वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

फोनवरच्या इन्शुरन्सवाल्याला मी फार आवडले. इतक्या वर्षांत एकही अपघात नाही! मी म्हटलं, "मी बसने जाते." तो म्हणाला, "तरी उत्तमच," आणि इन्शुरन्सचा आकडा खाली आणला.

मग त्याने विचारलं, गाडी जास्त कोण चालवणार? मुलगा समोर उभा राहून माझ्याकडे बोट दाखवत होता. मी म्हटलं, "नात. मी कशाला चालवू?"

आकडा परत होता तिथे गेला.

"आई, एक शब्द!" मुलगा ओरडला. "एक शब्द बोलायचा होता!"

"मग तुझं नाव घालायचं होतंस. माझं कशाला घातलंस?"

सून म्हणाली, "आई, तुम्ही पण ना..." आणि स्वयंपाकघरात गेली.

नात रडायला लागली. इथेच जन्मलेली, तिचं मराठी तसलंच. "आजी, तू एवढा खरा कशाला बोलते? आता माझी जॉब गेला."

"खोटं सांगितलं आणि उद्या कुणाला ठोकलंस, तर ते एक पेनी देणार नाहीत," मी म्हटलं. पण तिचं रडणं थांबेना आणि मला टीव्ही ऐकू येईना. म्हणून मीच परत फोन लावला. या वेळी बाई होती. मी सरळ विचारलं, "नातीपेक्षा किती जास्त चालवली म्हणजे मी मुख्य ड्रायव्हर?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणाली. तिने वरच्या साहेबाला विचारलं. जास्त म्हणजे जास्त, एक मैल असला तरी चालेल.

"मग लिही," मी म्हटलं. "मी जास्त चालवणार."

आकडा धाडकन खाली आला. सोमवारी नात कामावर गेली.

दुपारी ती आली की किल्ली माझ्या हातात. आता मला कुठेतरी जाणं भाग होतं, आणि मला कुठेच जायचं नव्हतं. कोथिंबिरीची जुडी आणायला मी विंडसरला गेले. एका राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, तर कारण नसताना फेऱ्या मारल्या. शेजारणीचा गुडघा दुखत होता, तिला रोज हॉस्पिटलात न्यायचे. तिचा गुडघा बरा झाला तेव्हा मला वाईट वाटलं.

"आई, कोण बघायला येतंय?" मुलगा म्हणायचा.

"कुणी नाही. पण मी त्या बाईला सांगितलंय."

एके दिवशी नात नाचत आली. "आजी, मला संडेला पण बोलावलंय!" सगळे खूश. मला शंभरेक मैलांवर लेस्टरला जावं लागलं, ज्वारीचं पीठ आणायला. ज्वारीचं पीठ आमच्या कोपऱ्यावर मिळतं. लेस्टरच्या दुकानदाराने विचारलं, "स्लाऊमध्ये संपलं का?" मी म्हटलं, "भरपूर आहे." त्याने पिशवी देताना माझ्याकडे जरा जपून पाहिलं.

ख्रिसमसच्या आधी नात पर्मनंट झाली. त्यांचं अजून एक होम होतं, त्याहून लांब. आठवड्यातून दोनदा तिथेही जायचं. सून शिरा करायला उठली. मुलाने पोरीला जवळ घेतलं. मी म्हटलं, "आपलं लेस्टरहून लांब, कार्डिफला कोण राहतं ते आधी शोधा."

सुनेच्या मावसबहिणीची नणंद निघाली. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. फोन करून सांगितलं, शनिवारी येते. ती गडबडली.

"या ना, या. पण काही काम होतं का?"

"काम काही नाही," मी म्हटलं. "आले की लगेच परत जायचंय."