पहाटे पाचचा मिस कॉल

आमच्या मुरुडच्या शाळेत दर ऑक्टोबरात दहावीच्या कच्च्या पोरांची वाटणी होते. मुख्याध्यापक यादी काढतात आणि प्रत्येक मास्तराच्या गळ्यात पाच-पाच पोरं मारतात. पहाटे पाचला मास्तरानं मिस कॉल द्यायचा, पोरानं तोंड धुऊन पुस्तक उघडलं की उलटा मिस कॉल द्यायचा. आता बोलणं फुकट झालं तरी पद्धत तीच आहे, कारण फोन उचलला की पोरं सबबी सांगतात.

मी गणिताचा मास्तर. नोकरीला बावीस वर्षं झालेली, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी घरी जायच्या लातूरच्या बसकडे डोळे लावून काढलेली. त्या वर्षी माझ्या वाट्याला चार पोरं आली, ती कशीही पास होणारी होती. पाचवी गादीवाल्याची मुलगी. गणितात नापास झाली तर तिला कायमचं शिलाईवर बसवायचं, असं तिच्या आजोबांनी ठरवून टाकलं होतं. हे कळल्यापासून माझी झोप जरा उडालीच.

तिचा उलटा मिस कॉल मात्र कधी चुकला नाही. चारही पोरं पंधरा-वीस मिनिटं लावायची, हिचा मिनिटाच्या आत यायचा. स्टाफरूममध्ये मी तिचं कौतुक सांगत फिरलो. मग जानेवारीतल्या सराव परीक्षेत तिला गणितात नऊ मार्क पडले. माझं डोकंच फिरलं. रोज पाचला उठून हे दिवे लावतेस का, म्हणून भर वर्गात तिला झापलं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच स्कूटर काढली आणि लातूरहून थेट तिच्या दारात जाऊन मिस कॉल दिला. आत फोन वाजला. लगेच माझ्या खिशातला वाजला. दार उघडंच होतं. कापसाच्या ढिगाला टेकून गादीवाला हातात मोबाईल घेऊन बसलेला, आणि पोरगी कोपऱ्यात डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ झोपलेली.

मला बघून तो ताडकन उठला. आवाज न करता मला बाहेर घेऊन आला.

“सर, पोरगी रात्री अकरापर्यंत आईसंगं गाद्या शिवत बसती. उठवायला माझा हातच होत न्हाई. तुमाला वाईट नको वाटाया म्हणून मीच देत होतो कॉल.”

बाप आपल्या नावानं कॉल देतो, हे त्या पोरीला माहीतच नव्हतं. त्याच दिवशी वर्गात सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. मास्तर माफी मागतोय म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा नीट बसली.

गादीवाल्याशी मात्र सौदा केला. संध्याकाळची शिलाई त्यानं करायची, पोरीनं नऊला झोपायचं, आणि पाचला दोघांनी बसायचं. त्याची शाळा चौथीत सुटलेली. मी म्हटलं, पुस्तक धरा आणि ती सांगते ते शब्दाला शब्द जुळतं का बघा. मार्चपर्यंत हा बाबा पायथागोरसचं प्रमेय माझ्या अर्ध्या वर्गापेक्षा बरं म्हणायला लागला.

निकालाच्या दिवशी तिचा सीट नंबर मोबाईलवर टाकताना माझी बोटं तीनदा चुकली. ती पास झाली होती, गणितात अगदी काठावर. मी स्टाफरूममध्ये इतक्या जोरात ओरडलो की शिपाई धावत आला.

दुपारी गादीवाला पेढे घेऊन आला. अकरावीला घालायचं ठरलंय, आजोबाही तयार झाले, म्हणाला. जाताना दारात थांबला.

“सर, आता पाचला आपोआपच जाग येती. आमच्या गल्लीत पुढल्या साली दहावीची चार पोरं हायत. ती मला द्या. दारावर थाप मारून उठवतो एकेकाला.”

इतकी वर्षं ज्या कामात मी अंग चोरत आलो, ते हा माणूस मागून घेत होता. मला लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं. यादी निघायला ऑक्टोबर उजाडतो, पण मी तसाच उठून मुख्याध्यापकांकडे गेलो आणि उठवायचं काम गादीवाल्याचं, गणित माझं, असं सांगून त्या गल्लीतली चारही पोरं माझ्या नावावर लावून घेतली.