गाडीखालचा पुठ्ठा

संजनाच्या ट्रकचे मागचे डावे चाक काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती आत्ता घोटीला, तांदळाच्या गिरणीच्या आवारात, केबिनमध्येच झोपली असेल. पहाटे चारला भरलेली गाडी घेऊन तिला कसारा घाट उतरायचा आहे. माझी ही काळजी नेहमीचीच की या वेळी खरी, ते मला कळावे म्हणून सगळे क्रमाने लिहिते आहे.

संजना माझी मुलगी, सत्तावीस वर्षांची. तिचे वडील गेले तेव्हा आडगावच्या आमच्या अंगणात त्यांचा एकोणीस वर्षांचा ट्रक उभा होता. विकून टाका, असे सगळे म्हणाले. "चालवायला मी आहे ना!" एवढेच बोलून ती अवजड वाहनाचा परवाना काढून आली. गाडीचे तेलपाणीही ती घरीच करते. वडिलांच्या हाताखाली शिकलेली आहे.

या रविवारी तिने इंजिन ऑइल बदलले, कूलंट भरले, मग ब्रेक ऑइल काढले. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. ती चाकाखाली, मी केबिनमध्ये पेडलवर पाय ठेवून.

"दाब आई, दाब... आता धर!"

"धरलाय गं. पोटरीत गोळा आला."

"सोडलास तर परत पहिल्यापासून. बी.ए.ला नुसता भूगोलच शिकवला का तुला?"

"घाट किती खोल असतो ते शिकवलं. म्हणून तर घाबरते!"

चाकाखालून हसण्याचा आवाज आला.

खेपेच्या आदल्या रात्री ती चाके पुसून गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरते. कोणते चाक कुठे, ते त्यावर पेनाने लिहिलेले असते. सकाळी डाग बघायचे. काळा डाग इंजिनचा, हिरवा कूलंटचा, आणि चाकाजवळ मधासारखा पिवळट दिसला तर तो ब्रेकचा. तो दिसला की गाडी हलवायची नाही, हा तिच्या वडिलांचा नियम.

आज पहाटे अंधारात सडा टाकताना माझ्या हातून बादली कलंडली आणि पुठ्ठा भिजला. आता ही ओरडेल, म्हणून मी तो ओढून काढला आणि तसाच दुसरा, कोरा, खाली सरकवला. चाकांची नावेसुद्धा लिहिली. चहाचा कप हातात घेऊन ती वाकली.

"एक थेंब नाही! बघ, म्हातारी कशी सुतासारखी सरळ आलीये."

"म्हातारी कोणाला म्हणतेस?"

"गाडीला गं. तू अजून कुठे सरळ आलीस?"

आणि ती निघाली.

गच्चीवर वाळत टाकलेला पुठ्ठा मी रात्रीचे जेवण झाल्यावर खाली आणला. पाणी केव्हाच वाळले होते. 'मागचे डावे' या अक्षरांशेजारी रुपयाएवढा डाग मात्र तसाच होता. बोट लावले तर तेलकट. दिव्याखाली धरला तर मधाच्या रंगाचा. रविवारी सांडलेले असेल, असे मनाला समजावून पाहिले. पण हा पुठ्ठा पसरला तो काल रात्री.

गेल्या महिन्यात मी असाच फोन करून तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलावले होते. निघाले काय, तर गाडी धुतल्याचे पाणी. व्यापाऱ्याने माल दुसऱ्याच्या गाडीत भरला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गाडी बाहेर असताना आईने फोन करायचा नाही, असे तेव्हापासून आमचे ठरले आहे. मी ते पाळलेही.

पण लिहिता लिहिता एक गोष्ट स्पष्ट झाली. नियम तिने मोडलेला नाही. तिने पुठ्ठा बघितला होता, मी तिला खोटा दाखवला.

साडेबारा झालेत. तिची झोप गाढ आहे, पहिल्या रिंगला उचलणार नाही. उचलेपर्यंत लावत राहीन. आधी डाग सांगेन, मग बादली. ओरडली तर ओरडू दे.

फोन लावते.