सुतळीचा हात

सियागंजाच्या बाजारात बारदानाचा, रिकाम्या पोत्यांचा, सौदा जुळत आला होता. समोरचा व्यापारी थोडा उतरला होता, अजून उतरला असता, तेवढ्यात शेजारचे शर्माजी सायकल टेकवून उभे राहिले. "भिया, घर चलो," एवढंच म्हणाले. मी सौदा तसाच टाकून निघालो…

सुमती गेली त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, सवाष्ण गेली, भाग्याची होती. ऐकून डोकं फिरतं. माझी तक्रार आहे, आणि ती तिच्याशीच आहे. छातीतलं दुखणं तिने पावसाळाभर लपवलं. वेळेवर सांगितलं असतं तर मी डॉक्टरांशी भांडलो असतो, देवाशीही भांडलो असतो. फाटकी पोती शिवणारा मी, स्वतःचं दुकान उभं केलं ते भांडूनच. पण इथे तिने मला सौद्याला बसूच दिलं नाही.

राजधानी इथून भोपाळला गेली, तसा जावईही सरकारी दफ्तराबरोबर तिकडे गेला. मुलगी तिथेच, पहिलटकरीण. बाळासाठी सुमतीने आपल्या मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली होती. कडा झाल्या आणि तिचा हात कापू लागला. मी म्हटलं, शिंप्याकडे टाकतो. तर म्हणे, मशीनचा टाका बाळाला टोचतो. "तुम्ही शिवा. जन्मभर पोतीच शिवलीत ना?"

माझा हात सुतळीचा. टाका घातला की हिसका देऊन ओढायचा, पोत्यातून दाणा गळू नये म्हणून. गोधडीला चुण्याच चुण्या पडल्या. ती पडल्यापडल्या त्यावरून बोटं फिरवायची, उठून बसायची आणि सगळं उसवायची. मी संतापून सुई भिरकावायचो, मग खाटेखाली तीच शोधत बसायचो. तिने शिकवलं ते असं : डावा हात कापडाखाली ठेवायचा, सुईचं टोक बोटाला लागलं की लगेच वर वळवायचं, तीन-चार टाके सुईवर घेऊन मग धागा ओढायचा आणि कापड आकसायच्या आत थांबायचं. "इथे काही गळत नाही हो. सैल सोडा."

हळूहळू टाके बारीक झाले, सारखे पडू लागले. एके दुपारी अख्ख्या ओळीवरून तिची बोटं फिरली, कुठेच अडली नाहीत. तिने डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ती उठलीच नाही. चुका होत्या तोवर ती उठून बसत होती…

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम धागा आवळला. ती उठली, मला चार शब्द सुनावले, ओळ उसवली, वर चहा मागितला. मला वाटलं, जमला सौदा. मग रोज एखादी ओळ बिघडवू लागलो. शेवटी तिची बोटं एका चुणीवर थांबली.

"हे मुद्दाम केलंत."

मी सुई शोधायच्या निमित्ताने खाटेखाली वाकलो.

"सराफ्यातल्या सोनाराला फसवाल, मला नाही. अहो, उठायला किती त्रास होतो मला… पुरी करा आता. बाळ थंडीत येईल."

मी म्हणालो, पुरी करतो, पण बाळाला तूच या गोधडीत गुंडाळायचं, कबूल? "आधी शिवा तर," ती म्हणाली. बाजारात इतकी वर्षं काढून मला कळू नये? जो हो म्हणत नाही, तो उठून जायच्या बेतात असतो. त्याच आठवड्यात शर्माजी दुकानावर आले.

नात झाली आहे. भोपाळला थंडी पडली आहे, आणि मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडते, बाबा, गोधडी पाठवा. मधली एकच ओळ राहिली आहे. रोज दुपारी दुकान नोकरावर सोडून मी तिच्या खाटेशी बसतो, ती ओळ घालतो. धागा सैल सोडतो. एकही चूण पडत नाही. मग गोधडी तिच्या उशीकडे सरकवतो आणि थांबतो… बराच वेळ थांबतो. कोणी उसवत नाही.

मग कात्री घेऊन मीच उसवतो.