ओली गाठ

माघातला रविवार होता, सकाळची वेळ, आणि शेततळ्याच्या काठावर आम्ही तिघं होतो: भाऊजी, ताई आणि मी. चांदूर बाजारच्या अलीकडे भाऊजींच्या चुलतभावाचा संत्र्याचा बगिचा आहे. आंबिया बहार नुकता फुलला होता आणि त्या फुलांचा गंध गारव्यात इतका दाट झाला होता की श्वास घेतला की घशाशी गोडवा जाणवत होता. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं, तळ्याच्या पाण्यावरून वाफ उठत होती, आणि माझ्या बोटांत इंचाच्या पाच सहस्रांशाइतका जाड, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच, नायलॉनचा एक धागा होता. उजेडासमोर धरला की चमकून दिसे आणि काळ्या मातीसमोर नेला की नाहीसा होई. त्या धाग्याला मला गाठ मारायची होती. ती टिकली तर भाऊजी मे महिन्यात हिमाचलात ट्राउट मासे धरायला जाणार होते. नाही टिकली तर पुन्हा कधीच जाणार नव्हते. अट त्यांचीच होती.

भाऊजी अकोल्याचे, पण त्यांची सारी नोकरी हिमाचलातल्या एका जलविद्युत केंद्रात गेली. मुलांच्या शाळेपायी ताई अकोल्यातच राहिली, आणि सुटीच्या दिवसांतल्या एकटेपणावर भाऊजींनी नदीचा उपाय शोधला. डोंगरातल्या त्या नितळ, थंडगार पाण्यात ट्राउट राहतो. गांडुळाला तो भुलेलही, पण भाऊजींचा छंद वेगळा होता: गळाच्या काट्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली नकली माशी पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला ती आत्ताच पंख मिटून बसल्यासारखी वाटावी. माशी फेकायची दोरी जाड असते. ती माशाला दिसू नये म्हणून तिच्या टोकाला हा केसासारखा धागा जोडतात आणि माशी या धाग्याला बांधतात. त्याला टिपेट म्हणतात. जाड घ्यावा तर मासा जवळ येत नाही, बारीक घ्यावा तर आलेला मासा तो तोडून जातो. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत भाऊजींनी आपल्या आयुष्यातले कित्येक रविवार सुखाने घालवले.

निवृत्तीनंतर त्यांना लकव्याचा हलका झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं बारीक कामाला वळेनात. गळाची काडी धरता येते, पण गाठ मारता येत नाही. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. सोबत मी जायचं, गाठी मी मारायच्या, असं ठरलं. तरी भाऊजी अडून बसले. "धागा तुटला तं मासा जाते, त्याचं काही नाई सुधाकर. पन तो तोंडात काटा घेऊन जाते. अशी गाठ घेऊन मी नदीवर जानार नाई."

खरं तर हे काम मला सोपं जायला हवं होतं. नांदगाव पेठेतल्या एका सूतगिरणीत माझं निम्मं आयुष्य सूत तपासण्यात गेलं आहे. कुठल्या नंबरचं सूत किती ताण सोसतं आणि कुठे तुटतं, हीच माझी भाकरी. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. टिपेटचंही तसंच आहे हे कळलं तेव्हा मला परक्या गावात नातेवाईक भेटल्यासारखं झालं. पण गिरणीने लावलेलं वळणच इथे आडवं आलं. सुताला ओला हात लावायचा नाही, थुंकी तर नाहीच, कारण तो डाग पुढे रंगाच्या हौदातून नेमका वर येतो. तुटलेलं टोक कोरड्या बोटांनी जोडायचं, हे मी इतक्या नव्या पोरांना शिकवलं आहे की माझी बोटं आता धाग्यासमोर आपोआप कोरडी होतात. आधी विजारीला पुसली जातात, मग पुढे जातात. टिपेटच्या गाठीही मी तशाच मारल्या, कोरड्या, एका झटक्यात आवळून. दिसायला सुबक होत्या. घरच्या दाराच्या कडीला सामान तोलायचा वजनकाटा अडकवून मी त्या ताणून पाहिल्या. पाकिटावर दीड किलोची ग्वाही होती आणि माझी गाठ आठशे ग्रॅमलाच सुटत होती. सुटत कसली, धागा गाठीच्या मुळाशी पांढरा पडून तुटत होता.

भाऊजींना ते टोक दाखवलं तेव्हा ते हसले. "कोरडी आवळली का? अरे, नायलॉन हाये ते. घासते, तापते, आन् तितंच मरते. तोंडात धर, ओली कर, मंग हळूच सरकव." मी धागा ओठांत धरला. गिरणीतल्या कुणी पाहिलं असतं तर मान खाली घालावी लागली असती. पण ओली गाठ लोण्यातून उतरावी तशी खाली सरकली, बसली, आणि वजनकाट्याने सव्वा किलोच्या पुढे नेल्यावर मगच तिने हार मानली. पुढचे कित्येक दिवस मी कढईतल्या फोडणीवर ठेवावं तसं लक्ष ठेवून एवढंच करत होतो: ओलं करायचं, सरकवायचं, आवळायचं, आणि धाग्यावरून ओठ फिरवून कुठे खरखर लागते का ते पाहायचं. बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं.

दाराची कडी मात्र पळत नाही. मासा पळतो. म्हणून त्या रविवारी तळ्यावर आलो होतो. चुलतभावाने तळ्यात रोहू आणि तिलापी सोडली आहे. सकाळी ढेपेचा भुगा टाकला की सारं पाणी माशांच्या ओठांनी भरून जातं, आणि त्या भुग्यात भाऊजींची तपकिरी माशी खपून जाते. आधी काडी त्यांनी माझ्या हातात दिली. माशी बुडाली, धागा हलला आणि मी लहानपणी पूर्णेच्या काठी वेळूच्या काडीने ओढत असे तसा, मासा थेट खांद्यावरून मागे जावा असा हिसका दिला. हातात नुसती दोरी आली.

"तोडला!" ताई म्हणाली. ती धुऱ्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. "कायची गाठ अन् काय! हे मासे काय तुह्या मागं धावून राहिले का, एवढा हिसकून राहिला ते?"

"गाठ नाई तुटली," भाऊजी टोक डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "मधातून तुटला. हिसका नको रे बाप्पा. नुसती काडी उचल, भरल्या ताटावरचं झाकन उचलल्यावानी. काटा आपोआप लागते."

मी नवी गाठ मारली. काडी आता भाऊजींनी घेतली. भुग्याच्या कडेला एक रुंद, करडी पाठ सावकाश वळली, माशी दिसेनाशी झाली, आणि भाऊजींनी काडी फक्त उचलली. ती वाकली, रीळ किर्र वाजलं आणि धागा पाणी कापत तळ्याच्या मधोमध निघाला. रोहू होता, आणि वजनकाट्याने पाहिलेल्या साऱ्या आकड्यांच्या पलीकडचा होता. भाऊजींनी त्याला पळू दिलं. थांबला की थोडं घेतलं, पुन्हा पळाला की सोडलं. काडी उभी ठेवली, म्हणजे ओढ धाग्यावर न पडता काडीच्या लवचिकपणात जिरत राहिली. त्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता. मग उजवा हात थरथरायला लागला.

"घे," ते म्हणाले.

"भाऊजी, मी तोडीन."

"घे म्हनलं ना."

ताईचे हात थांबले. मी काडी घेतली, आणि ओढ पोहोचली तशी मला धाग्याच्या टोकाशी माझी गाठ जाणवली. पाण्याखाली, अंधारात, माशाच्या ओठाशी, माझ्याच ओठांनी ओली केलेली. सारा जीव म्हणत होता की घट्ट धर, आणि घट्ट धरलं की संपलं, हेही त्याच जिवाला ठाऊक होतं. रोहू तळ्याच्या कोपऱ्याकडे निघाला, जिथे प्लास्टिकच्या अस्तराची घडी धारेसारखी वर आली आहे. "त्याच्यासंगं चाल," भाऊजी मागून म्हणाले, "ओढू नको, बाजूनं वळव." मी काठाने चालत गेलो आणि काडी आडवी केली. तो वळला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी मोजत नव्हतो, आणि मी मोजत नाही असं फार क्वचित घडतं. शेवटी तो कुशीवर आला. ताईने साडीचा काठ खोचला, वाकून त्याला पाण्यातच ओंजळीत धरलं, भाऊजींनी डाव्या हाताने काटा सोडवला, आणि तो क्षणभर तिथेच राहून मग हिरव्या पाण्यात उतरत गेला.

"टिकली," मी म्हणालो. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला असावा.

भाऊजींनी गाठीवरून ओठ फिरवला, मान हलवली, खिशातली कात्री काढली आणि ती गाठ कापून टाकली.

"काहून हो? चांगली होती ना!" ताई म्हणाली.

"होती. एवढ्या ओढीनंतर तिच्यावर इसंबून राहाचं नाई. आता दुसरी." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "मे मदे सकाळी लवकर निंगा लागते नदीवर. दुपारी मासा वर येत नाई."

मी मोकळं टोक हातात घेतलं. ऊन आता पाण्यापर्यंत उतरलं होतं आणि फुलांचा वास पातळ झाला होता. ताईने ओंजळीचा वास घेतला, नाक मुरडलं, हात धुतले, आणि भाऊजींच्या साऱ्या नोकरीभर त्या नदीचं फक्त नाव ऐकत आलेली ती बाई घाट्यांचं सूप मांडीवर ओढत म्हणाली, "माह्यं बी तिकीट काढ मंग, सुधाकर."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मी मात्र गाठ अर्ध्यावर ठेवून, त्या दोघांच्या मध्ये येणार नाही अशा बेताने जरा बाजूला सरकून उभा राहिलो.