दिगंबरच्या कागदावरची सही

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरी गॅरेजात खोकी आवरत होतो. "काका, बाबा इज गॉन," एवढंच त्याची मुलगी नेहा म्हणाली. मी एका खोक्यावर बसलो... आणि दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्याला काही सांगायला नको. सात आठवडे झाले, त्या विचाराची किळस अजून गेलेली नाही.

दिगंबर नागपूरचा, पाइपलाइनचा इंजिनिअर. मी दर मार्चमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर पाच-सहा मित्रांचे टॅक्स रिटर्न भरून द्यायचो. फुकट, मोबदल्यात मोठेपणा मिळायचा. पगार जास्त म्हणून दिगंबरला रॉथ या करमुक्त निवृत्तीखात्यात थेट पैसे टाकता येत नव्हते. मीच त्याला मागचं दार दाखवलं. कर भरून झालेले पैसे आधी साध्या निवृत्तीखात्यात टाकायचे, मग रॉथमध्ये वळवायचे. पथ्य एकच: या रकमेवर कर भरून झालाय हे ८६०६ नंबरच्या फॉर्मवर कळवायचं. नाहीतर वळवलेले सगळे पैसे नवं उत्पन्न धरले जातात.

पहिल्याच वर्षी मी तो फॉर्म भरायला विसरलो. पुढे कर विभागाची नोटीस आली. ती घेऊन दिगंबर बायकोसोबत आमच्याकडे आला, तेव्हा बाकीचे मित्रही जमले होते.

"भाल्या, मी तुला चिठ्ठी दिली होती बे. पैसे कधी टाकले, किती टाकले, सगळं लिहून."

"दिली असतीस तर माझ्याकडे असती. वहिनी, हा चष्मा तरी जागेवर ठेवतो का हो?"

"भाऊजी, चष्मा शोधायला सुद्धा याला चष्मा लागतो," शैलावहिनी म्हणाल्या. सगळे हसले. शेवटी दिगंबरही हसला.

निवृत्तीखातं सांभाळणाऱ्या कंपनीकडून पुरावा मागवता आला असता. पण मग फॉर्म का भरला नाही हा प्रश्न माझ्याकडे आला असता. म्हणून मी म्हणालो, "भरून टाक, वाद घालू नकोस." त्यानं त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भरला, व्याजासकट.

पुढच्या वर्षी ती चिठ्ठी मला सापडली, माझ्याच ड्रॉवरमध्ये, स्टेपलरखाली. दुरुस्ती करून पैसे परत मागायची मुदत अजून शिल्लक होती. मी ड्रॉवर बंद केला. मुदत संपेपर्यंत तो नीट उघडला नाही.

पैशांनी दिगंबरचं काही अडलं नाही. पण आमच्या मित्रमंडळात तो कायमचा विसरभोळा ठरला. सहलीचा खजिनदार निवडताना कोणी म्हणे, "दिगंबर नको यार, पावत्या हरवेल." ज्या माणसानं आयुष्यभर वेल्डिंगचा एकेक सांधा तपासून नोंदवला, त्याच्याबद्दल हे. आणि मी समोर बसून चकल्या खात होतो. त्यानंतर तो दर मार्चला चिठ्ठी दोन प्रतींत आणू लागला. खाली 'मिळाले' असं लिहिलेलं. "कर सही, भाल्या. माझा माझ्यावर भरवसा नाही," असं हसत म्हणायचा. मी सही करायचो. बारा वर्षं केली.

शोकसभेत एका मित्रानं 'दिगंबरचे हरवलेले कागद' हा किस्सा प्रेमानं सांगितला. सभागृह हसलं. मीही हसलो. घरी येऊन आरशात स्वतःचं तोंड बघवेना.

गेल्या रविवारी शैलावहिनींनी त्याची निळी फाइल माझ्यापुढे ठेवली. "शेवटचं रिटर्न तुम्हीच करा, भाऊजी. त्याचा तुमच्यावर फार विश्वास." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइलवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तो सहा महिने रोज घरभर ती चिठ्ठी शोधत होता. मी त्याला काय काय बोलले..." आणि आत निघून गेल्या. चहाचं विचारलं नाही, ते योग्यच झालं.

फाइलमध्ये बारा चिठ्ठ्या वर्षवार लावलेल्या होत्या. सर्वांत वर एक प्लास्टिकचा कप्पा रिकामा ठेवलेला, पहिल्या वर्षाचा. मी खिशातून ती पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. तिच्या तळाशी 'मिळाले' लिहिलं, त्यानं ती दिली त्या मार्चची तारीख घातली, सही केली आणि ती त्या कप्प्यात सरकवली.