दुपारचा पेला

"मग आधी मलाच धरून न्या! साठी उलटली माझी. या पेल्यापायी कोणाच्या घराला आग लावली मी? कोणाचं घर बुडवलं?"

रेजिनाबाय ओट्यावर बसून ओरडत होती. समोर अंगणात तिचा मुलगा जेरोम शाळेची छत्री काखेत मारून उभा. त्याच्यामागं, माडाला टेकून, माडी काढणारा धर्मा भंडारी. कमरेला कोयता लावून आलेला हा माणूस आज चढायचं की नाही, याचा निकाल ऐकायला थांबला होता.

"कोणाचं वाईट केलंस, असं मी म्हणतोय का, आये?" जेरोम म्हणाला. "पण कायदा येतोय. माडी काढायची न्हाय, प्यायची न्हाय. उद्या मास्तराच्या घरात मडकं सापडलं, तर माझी नोकरी राहील?"

"तू शाळेत जायच्या आधीपासून हे मडकं हाय. रोज एक पेला. दुसरा कधी मागितला? विचार तुझ्या बायकोला."

ओट्याच्या कडेला कोळंबी सोलत बसलेल्या टेरेझानं मान वर केली नाही. सासू खोटं बोलत नव्हती. दुसरा पेला तिनं खरंच कधी मागितला नव्हता.

सोळा वर्षांपूर्वी, तेहतीस साली, टेरेझा डोंगरीहून लग्न होऊन उत्तनला आली. तिसऱ्याच दिवशी रेजिनाबायनं तिला माडीच्या मडक्यापाशी बसवलं. "कान लाव गो." वाळूवरून लाट मागं सरताना होते तशी सळसळ आत चालली होती. "अशी बोलायला लागली की पीठ मळायचं. गप्प असली तर थांबायचं." त्या माडीत मळलेलं फुग्यांचं, म्हणजे लग्नातल्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ असं फुगून यायचं, की परातीवरचं फडकं उचललं जायचं. आळीत कोणाचंही लग्न असो, पीठ रेजिनाबायच्याच हातचं. माडी काढली की माडाला नारळ धरत नाही; सासरा इग्नेशियस जिवंत होता तेव्हापासून या माडाला एक नारळ लागला नव्हता, आणि त्याची कोणाला खंतही नव्हती.

जेवणाआधी तिचा पेला. पितळेचा, एका बाजूला पोचा आलेला. तो हातात आला की एरवीची तिखट बाई मऊ व्हायची. होडीसकट परत न आलेल्या इग्नेशियसच्या थापा ती तेव्हाच सांगायची, त्याच्या आवाजात. तेवढी घटकाभर टेरेझाला माहेर आठवायचं नाही. युद्धात धान्य रेशनवर गेलं, फुगे बंद पडले, पण पेला चुकला नाही.

आणि टेरेझाच्या लेकीच्या, विल्माच्या जन्माची गोष्ट तर नाताळात पाहुण्यांना हमखास ऐकवली जायची. ऐन दुपारी टेरेझाला कळा सुरू झाल्या, आणि सासू म्हणाली, "पेला तेवढा भरून दे, मग सुईणीला आणते." भिंत धरत धरत टेरेझानं तो आणून दिला. "पेला आधी, पोर मागनं!" रेजिनाबाय मांडीवर थाप मारायची. सगळे हसायचे. टेरेझाही हसायची.

"सांग ना गो," आत्ता रेजिनाबाय म्हणाली. "तुला कधी तरास झाला माझ्या पेल्याचा?"

टेरेझाला वाटलं, तोंडातून सवयीनं "न्हाय"च येईल.

"विल्माच्या वेळी पहिला पेला माझ्या हातनं सांडला," ती म्हणाली. "तुमाला म्हायती न्हाय, आये. मग मी दुसरा भरला."

जेरोमनं काखेतली छत्री खाली टेकली. इतक्या वर्षांत त्यानंही हे ऐकलं नव्हतं.

रेजिनाबाय सुनेकडे वळली. "आन सांडलेलं पुसलं कोणी?"

"मीच."

"तशा कळांत?"

टेरेझानं पुढची कोळंबी उचलली. हे बोलून हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं वाटलं नाही. आत मडक्यात कालची माडी अजून सळसळत होती. कान न लावताही तिला ती ऐकू आली.

रेजिनाबायनं हातातला रिकामा पेला ओट्यावर उपडा घातला. कायद्याबद्दल ती पुढं एक अक्षर बोलली नाही.

"धर्मा, घरी जा," ती म्हणाली. "आजपासून हा माड नारळाला सोडला. आन दुपारचं मला कोणी काय आणून द्यायचं न्हाय."