डाव्या हाताचं म्यान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अनघाला, म्हणजे बायकोला, नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगायची गरजच नव्हती — तो त्या वेळी समोरच बसला होता. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरेसं असावं.

मी एडिनबरात भूलतज्ज्ञ आहे, आणि छंद म्हणून पुक्को जमवतो. पुक्को म्हणजे फिनलंडमधला कमरेच्या पट्ट्याला लावायचा छोटा चाकू — लाकडाची मूठ, आखूड सरळ पातं, कातड्याचं म्यान. दिसायला अगदी साधा. पण वेगवेगळ्या कारागिरांचे पाचसहा पुक्को शेजारी ठेवून एकेक हातात घेतला की कळतं, प्रत्येक मुठीचा स्वभाव निराळा आहे. मला ते कळायला काही वर्षं लागली आणि ती वर्षं फार सुखाची होती.

पुक्कोवाल्यांचा आमचा एक छोटा क्लब आहे. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमतो. त्यात खरा कारागीर एकच होता — तापियो. मूळचा फिनलंडचा, उभं आयुष्य इथल्या लीथ बंदरात बोटींचं सुतारकाम केलेला. बाकी आम्ही सगळे नुसते जमवणारे. कपाटात ठेवायला कुणी पुक्को मागितला तर तो सरळ नाही म्हणायचा.

एका खंडेनवमीला मी त्याला घरी बोलावलं. पाटावर माझे सगळे पुक्को, स्टेथोस्कोप, अनघाची विळी, तिचा लॅपटॉप — सगळ्यांना हळदकुंकू आणि एकेक फूल. हत्यारांना एक दिवस सुट्टी द्यायची, ही कल्पना तापियोला इतकी आवडली की तो मांडी घालून तिथेच बसून राहिला. मग त्याने विचारलं, तू प्रत्येक फूल आधी डाव्या हातात घेतोस आणि मग उजव्यात का देतोस? मी हसलो. म्हटलं, मी डावरा. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की बाबा चापट मारायचे. पूजेला तर डावा हात पुढे यायचाच नाही. त्याने खिशातून दोरा काढला आणि माझ्या डाव्या पंजाचं माप घेतलं.

चाळिशी उलटली होती माझी. त्या हाताचं तोपर्यंत कुणी कौतुक केलं नव्हतं — हसाल, पण मला भरून आलं.

पुक्को तयार व्हायला हिवाळा गेला. मूठ बर्चच्या सालीची, म्हणजे आपल्या भूर्जपत्राची — चकत्या एकावर एक दाबून बसवलेली. हातात धरली की लगेच ऊबदार लागायची. आणि म्यान खास डावऱ्यासाठी शिवलेलं, डाव्या कमरेला नीट बसेल असं. फिनलंडमध्ये पुक्को भेट दिला म्हणजे माणसावर विश्वास टाकला, असं मानतात. क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्याने मूठ माझ्याकडे करून तो मला दिला.

आमचा एक रिवाज होता. नवा पुक्को पट्ट्याला लावून हॉलमध्ये एक फेरी मारायची, मग तो कुलपाच्या पेटीत ठेवायचा आणि तसाच घरी न्यायचा. असा चाकू लावून रस्त्यावर फिरणं इथे गुन्हा आहे, हे आम्हाला तोंडपाठ. मी फेरी मारली — आणि तो काढला नाही. वरून कोट घातला. का? कमरेला त्याचं वजन छान वाटत होतं. दुसरं काही नाही.

तापियो आणि मी कोपऱ्यावरच्या कॅफेत गेलो. मला राहवेना. म्यानातून पुक्को काढून टेबलावर ठेवला, पुन्हा एकदा बघायला. काउंटरवरच्या मुलीने पाहिलं. तिचा काय दोष? थोड्या वेळाने दोन पोलीस आत आले.

"हा कुणाचा?"

मी आधी सांगितलं की मी डॉक्टर आहे. ते कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणालो, "त्याचा. तो बनवतो हे."

तापियोने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हो," तो म्हणाला, "मी बनवलाय."

म्यान तेव्हा माझ्या कोटाखाली, माझ्या पट्ट्याला होतं. मला कुणी तपासलं नाही. डॉक्टरला कोण तपासणार?

या देशात सावळ्या माणसाजवळ चाकू सापडला तर काय होतं, माझं रजिस्ट्रेशन, घराचं मॉर्गेज — ही कारणं मी नंतर पुष्कळ उगाळली. खरं सांगू? त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. घाबरलो आणि त्याचं नाव पुढे केलं.

पुक्को जप्त झाला. तापियोला शिक्षा किरकोळ झाली, पण नावावर गुन्हा लागला. घरी अनघा म्हणाली, "अरे, असल्या माणसाबरोबर कशाला फिरतोस? तू अडकला असतास म्हणजे?" मी म्हणालो, "हो ना."

पुढच्या महिन्यात क्लबमध्ये विषय निघाला. ज्याच्यावर चाकूचा गुन्हा आहे तो सभासद राहिला तर चर्च हॉल देणार नाही. त्याला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करायचं ठरलं. तापियो मागच्या खुर्चीवर बसला होता. तेव्हा तरी मला उठून बोलता आलं असतं ना? तो बोलला असता तर दोन वाक्यांत सुटला असता. तोही बोलला नाही.

मी हात वर केला. डावा — सवयीने. त्याने तो पाहिला. मग कोट उचलला, खुर्ची सरळ करून ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर त्याने पुक्को बनवणं सोडलं असं ऐकलं. तो अजून लीथमध्येच राहतो. माझ्या घराजवळून तिकडे थेट बस आहे. मी गेलेलो नाही.

खंडेनवमीला मी अजूनही सगळे पुक्को पाटावर मांडतो. म्यान तेवढं खणातच राहतं. मागच्या वर्षी अनघाने विचारलं, "तो तुझा तापियो येत नाही का रे हल्ली?" म्हटलं, म्हातारा झालाय, विक्षिप्त झालाय.

ती घरात नसते तेव्हा कधीतरी मी ते रिकामं म्यान पट्ट्याला लावून बघतो. डाव्या बाजूला अगदी नीट बसतं.